मुकी पाटी

आमच्या विंचुरास जेथें रस्ते फुटतात त्या जागेला तीनपाटी म्हणतात. एक रस्ता निफाडवरून नाशकास जातो, दुसरा येवल्याकडे वळतो आणि तिसरा लासलगांवास निघतो. लासलगांव बाजार समितीचा उपबाजार विंचुरास असल्यामुळें कांद्याच्या दिवसांत येथें ट्रॅक्टरांची रीघ लागलेली असते. परगांवचा गाडीवाला पाटीकडे क्षणभर पाहतो आणि गाडी वळवितो. ज्याला पाटी वाचतां येत नाहीं तो टपरीवाल्यास विचारतो. पाटी सुंदर आहे कीं कुरूप, याचा विचार दोघांपैकीं एकहि करीत नाहीं. पाटीचें काम वाट सांगण्याचें. शोभा हा तिचा वरचा गुण.

इतकी साधी गोष्ट शाळेंतल्या पोरालाहि समजेल. मला मात्र ती वयाच्या चाळिशींत समजली. तीहि तीनपाटीवर नव्हे, तर आमच्या घराच्या माडीवर, आणि एका वृद्ध माणसाला पांच महिने त्रास दिल्यानंतर. ती हकीकत सांगण्यासारखी आहे असें घरच्या मंडळींचें मत पडलें, म्हणून लिहीत आहें.

विंचूर म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकांस विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची आठवण होते. पानिपतच्या १७६१ सालच्या संग्रामांतून परत आलेल्या सरदारांपैकीं ते एक. विंचूर ही त्यांची जहागीर. आमचें घर मात्र सरदारांचें नव्हे. तें हिशेब लिहिणाऱ्या आणि पोथ्या नकलणाऱ्या माणसांचें. त्यामुळें घरांत तलवार एकहि नाहीं, पण बाडें पुष्कळ आहेत. हीं बाडें आमच्या आप्पांनीं जिवापाड जपलीं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलतसासरे. त्यांनीं सारें आयुष्य शाळेंत गणित शिकविण्यांत घालविलें आणि सुट्या घराण्याचा कुलवृत्तांत जमविण्यांत. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांचीं नांवें उतरून आणावयाचीं, दूरच्या शाखांना पत्रें लिहावयाचीं, आलेलीं उत्तरें ताडून पाहावयाचीं, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. शेवटीं पुस्तक छापलें. तें घरोघर गेलें आणि घरोघर कपाटांत जाऊन बसलें.

पुढची पिढी पुणें-मुंबईस आणि तेथून परदेशीं पांगली. मग एका दिवाळींत सर्व जमले असतां ठरलें कीं, कुलवृत्तांत आतां संकेतस्थळावर ठेवावा. मी लग्नापूर्वीं संगणकाचें थोडेंफार काम केलेलें. आप्पा मजकडे वळून म्हणाले, "सूनबाई, हें तूं कर. चुकलीस तर मी आहें." चुकलेलें दाखवून देण्याचा त्यांचा अधिकार सर्वांना मान्य होता, त्यामुळें मला धीर आला.

संकेतस्थळ उभें करण्यासाठीं वर्डप्रेस नांवाची फुकट मिळणारी व्यवस्था मीं घेतली. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनीं २००३ सालीं सुरू केलेली ही व्यवस्था आज जगभर चालते. तिचा देखणेपणा थीमवर अवलंबून असतो. थीम म्हणजे तयार शिवलेला पोशाख. मजकूर आपला, वेष थीमचा. आणि पानाच्या माथ्यावर जी वाटांची ओळ दिसते, मुखपृष्ठ, वाडा, वंशावळ, आठवणी वगैरे, तिला मेन्यू म्हणतात. २०१० सालीं वर्डप्रेसची ३.० ही आवृत्ति निघाली तेव्हांपासून हा मेन्यू आपल्या हातानें मांडण्याची सोय झालेली आहे. कोणती नोंद वर, कोणती खालीं, कोणती कोणाच्या पोटांत, हें माउसनें ओढून ठरवितां येतें.

वाचकांपैकीं ज्यांनीं हें काम केलें नसेल त्यांच्यासाठीं आंतली गोष्ट सांगतें, कारण पुढील सारा घोटाळा तेथेंच झाला. आपल्याला पडद्यावर सजविलेली ओळ दिसते. परंतु संगणकापाशीं पोंचते ती खुणांनीं बांधलेली संहिता. त्या संहितेंत मेन्यू ही एक साधी यादी असते. यादी सुरू झाली याची एक खूण, यादी संपली याची एक. मधल्या प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची खूण. नोंदीला पोटनोंदी असल्या तर त्या नोंदीच्या पोटांत दुसरी यादी. टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ च्या सुमारास वेबसाठीं ज्या थोड्याशा खुणा प्रथम जाहीर केल्या त्यांत यादीची ही खूण होतीच. त्यानंतर या यादीभोंवतीं 'नेव्ह' या नांवाची आणखी एक खूण घालण्याची पद्धत आली. एचटीएमएलच्या पांचव्या आवृत्तीला २०१४ सालीं मान्यता मिळाली तींत ती आहे. तिचा अर्थ इतकाच कीं, "येथें वाटा आहेत."

ही यादी छापण्याचें काम वर्डप्रेसमध्यें वॉकर नांवाचा भाग करतो. वॉकर म्हणजे चालणारा. त्याला चारच गोष्टी येतात: पातळींत शिरणें, नोंद उघडणें, नोंद मिटणें आणि पातळींतून बाहेर पडणें. एखाद्या नोंदीला पोरेंबाळें असलीं कीं हा गृहस्थ आधीं त्यांच्याकडे जाऊन येतो आणि मगच पुढच्या थोरल्या नोंदीकडे वळतो. आप्पांना मीं हें सांगितलें तेव्हां ते हंसून म्हणाले, "अगं, वंशावळ वाचण्याची रीतच ही. एक शाखा शेवटच्या पोरापर्यंत पुरी करायची, मग दुसरीला हात घालायचा. तुझा वॉकर आमच्याच पोटचा दिसतो."

आपल्याला मेन्यूची छपाई वेगळ्या तऱ्हेनें हवी असली तर आपला स्वतःचा वॉकर लिहितां येतो. तो मूळ थीमच्या फायलींत लिहूं नये. कारण थीमची नवी आवृत्ति चढविली कीं आपण केलेले फरक पुसले जातात. मीं पहिल्या वर्षीं ही चूक केली आणि दोन रात्रींचें काम एका क्षणांत गमावलें. त्यावरचा उपाय म्हणजे चाइल्ड थीम. ही मूळ थीमची लेक. लेकीनें जें स्वतः सांगितलें असेल तेथें तिचें चालतें. जेथें ती गप्प असेल तेथें आईचें चालतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस ही व्यवस्था समजावयास अडचण पडूं नये.

आतां माझ्या चुकीकडे वळतें. निवडलेली थीम मोठी नीटनेटकी होती, परंतु ती इंग्रजी अक्षरें डोळ्यांपुढें ठेवून केलेली होती. मेन्यूंतील अक्षरें एकमेकांपासून किंचित् दूर ठेवावयाचीं, अशी इंग्रजी छपाईंतील एक फॅशन आहे, आणि थीमनें ती पत्करली होती. इंग्रजी अक्षरें सुटीं असतात, तीं दूर केल्यानें बिघडत नाहींत. आपलीं अक्षरें शिरोरेषेला बांधलेलीं. तीं दूर ओढतांच शिरोरेषा जागोजाग तुटली. 'वंशावळ' हा शब्द असा दिसूं लागला कीं, दांत पडलेल्या माणसाचें हसूं आठवावें. शिवाय ओळीची उंची कमी असल्यामुळें वरच्या वेलांटीचा माथाहि कापला जाई.

हें पाहून मला लाज वाटली. ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या पोथ्या नकलल्या त्याच्या माथ्यावर हीं तुटकीं अक्षरें! मीं एक युक्ति काढली. जुन्या बाडांतील वळणाचीं अक्षरें कागदावर शाईनें काढलीं, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि वॉकर असा लिहिला कीं, प्रत्येक नोंदीच्या जागीं शब्द न छापतां चित्राची पार्श्वभूमी लावावी. यादीच्या खुणा मला माझ्या चित्रांच्या आड येऊं लागल्या, म्हणून त्याहि काढून टाकल्या आणि त्यांच्या जागीं नुसते चौकोन घातले. 'इतर माहिती' या नोंदीच्या पोटांतील यादी माउसचा बाण वर नेला असतांच उघडेल आणि एरवीं गुप्त राहील, अशी योजना केली. गुढीपाडव्याच्या दिवशीं तें सर्व प्रसिद्ध केलें. पुण्याहून, मुंबईहून, परदेशांतून शाबासकीचे संदेश आले. मेन्यू खरोखर फार सुंदर दिसत होता.

आप्पांकडून मात्र शब्द आला नाहीं.

येथें आप्पांच्या डोळ्यांविषयीं सांगावयास हवें. काचबिंदूनें त्यांची दृष्टि हळूहळू कडेकडून मिटत आली होती आणि दोन वर्षांपूर्वीं ती पुरतीच गेली. नातवानें त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घालून दिला. पडद्यावरील संहिता मोठ्यानें वाचून दाखविणारी ही व्यवस्था ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन यांनीं २००६ सालीं सुरू केली आणि जेम्स तेह हे त्यांना येऊन मिळाले. दोघेहि अंध, आणि त्यांनीं ती सर्वांस मोफत दिली. आप्पांना ती ऐंशी ओलांडल्यावर शिकावी लागली. माउस सोडून सारें कळफलकावर. 'डी' दाबली कीं पानाच्या एका ठळक भागावरून दुसऱ्यावर, 'एल' दाबली कीं यादीवर, 'के' दाबली कीं पुढच्या दुव्यावर. महिन्याभरांत ते तींत तरबेज झाले. रोज सकाळीं पूजा आटोपून माडीवर जात आणि जेवावयास उतरले कीं मला सांगत, "आठवणींच्या पानावर सन चुकला आहे", "वाड्याच्या वर्णनांत तुळशीवृंदावन राहिलें". त्यांच्या त्या दुरुस्त्यांची मला इतकी सवय झाली होती कीं त्यावांचून जेवण सुनें वाटे.

पाडव्यानंतर त्या दुरुस्त्या थांबल्या. ते माडीवर जात, पण खालीं येऊन कांहीं बोलत नसत. मीं एकदां विचारलें, "आप्पा, नवीन मेन्यू कसा वाटला?" ते म्हणाले, "सगळे म्हणतात, सुंदर झाला आहे." एवढेंच. माझ्या मनांत आलें, यांना बदल रुचला नाहीं. जुन्या पुस्तकाचें वळण मोडलें म्हणून रुसले असतील. मग मलाहि राग आला. इतक्या रात्री जागवल्या आणि घरांतल्याच माणसाला एक बरा शब्द सुचूं नये! मीं विचारणें सोडलें. चैत्र गेला, आषाढ गेला. एका घरांत, एका पंक्तीला बसून, आम्ही दोघें एकाच गोष्टीविषयीं गप्प होतों.

ऋषिपंचमीच्या दुपारीं घर पाहुण्यांनीं भरलेलें होतें. आप्पांसाठीं ताक घेऊन मी माडीवर गेलें. दार लोटलेलें होतें आणि आंतून यंत्राचा आवाज येत होता. "दुवा. टक्का, ई, शून्य. टक्का, ए, चार. टक्का..." असा तो सारखा चालला होता. मी दारांत थबकलें. आप्पा डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर कांहीं मोजीत होते.

"आप्पा, हें काय वाचतो आहे तो?"

"कोण, सूनबाई? तुझा मेन्यू." त्यांच्या आवाजांत राग नव्हता. "आतां सवय झाली आहे मला. लांबीवरून ओळखतों. ही आखूड आहे ना, छत्तीस चिन्हांची, ती वाडा. ही चोपन्न चिन्हांची, ती वंशावळ. मधेंच चुकतों, मग पहिल्यापासून मोजायला लागतें."

माझ्या हातांतला पेला तसाच राहिला. काय झालें होतें तें मला एका क्षणांत कळलें. दुव्याच्या आंत शब्दच नव्हता. चित्राची पार्श्वभूमी होती, आणि पार्श्वभूमीला वाचा नसते. दुवा रिकामा सांपडला म्हणजे स्क्रीन रीडर बिचारा त्या दुव्याचा पत्ता वाचतो. देवनागरींत लिहिलेलें पत्त्यांतील नांव संगणक सांकेतिक रूपानें पाठवितो. प्रत्येक अक्षर किंवा मात्रा म्हणजे तीन अंश, आणि प्रत्येक अंशाला टक्क्याचें चिन्ह धरून तीन खुणा. 'वाडा' यांत दोन अक्षरें व दोन काने, म्हणून छत्तीस. 'वंशावळ' यांत सहा, म्हणून चोपन्न. गणिताच्या शिक्षकानें तें पांच महिने कानानें मोजलें होतें आणि त्यावरून आपल्याच कुलवृत्तांताची वाट शोधली होती.

"मला सांगितलें कां नाहीं?" मी कशीबशी बोललें.

"तूं एवढ्या हौशीनें केलेंस. सगळ्यांना आवडलें. एका आंधळ्यासाठीं तें मोडायला सांगूं?" मग थोडें थांबून ते म्हणाले, "एक मात्र विचारायचें होतें. लेकींचें पान तूं काढून टाकलेंस का? वाडा सांपडतो, वंशावळ सांपडते, पण लेकी कुठेंच सांपडत नाहींत. म्हटलें, कोणी हरकत घेतली असेल. म्हणून गप्प बसलों."

'लेकींचीं घरें' हें पान 'इतर माहिती'च्या पोटांतील यादींत होतें, आणि ती यादी माउसचा बाण वर नेल्यावांचून उघडत नव्हती. ज्याला बाण दिसत नाहीं त्याच्यापुरत्या घरच्या साऱ्या लेकी पाडव्यापासून नाहींशा झाल्या होत्या. त्यांना वाटलें मीं काढल्या. मला वाटलें ते रुसले.

त्या रात्रीं पाहुणे निजल्यावर मी संगणकापुढें बसलें. सांगावयास संकोच वाटतो, परंतु मुख्य दुरुस्ती एका ओळीची होती. अक्षरांमधील अंतर स्वाभाविक ठेवावें, एवढी एक आज्ञा चाइल्ड थीमच्या शैलीच्या फायलींत लिहितांच तुटलेली शिरोरेषा सांधली गेली. ओळीची उंची वाढविली, वेलांटी मोकळी झाली. ज्या व्यंगासाठीं मीं सारे शब्द मुके केले तें व्यंग कपड्यांतलें होतें. मीं मात्र शस्त्रक्रिया हाडांवर केली.

मग माझा तो वॉकर पुसला आणि मूळचा वॉकर परत बोलाविला. यादी परत आली, नोंदी परत आल्या, प्रत्येक दुव्यांत शब्द आला. भोंवतीं 'नेव्ह'ची खूण घातली आणि तिला 'मुख्य वाटा' असें नांव दिलें. आपण ज्या पानावर आहोंत त्या नोंदीला 'हें चालू पान' असें सांगणारी खूण आहे कीं नाहीं तें तपासलें. फरक एकच ठेवला. ज्या नोंदीच्या पोटांत यादी आहे तिच्याशेजारीं खरें बटण येईल आणि तें उघडें आहे कीं मिटलेलें हें स्क्रीन रीडरला कळेल, इतकें करणारा लहानसा वॉकर लिहिला. भाषा मराठी असल्याची पानाच्या आरंभींची खूण सुदैवानें मीं बिघडविली नव्हती. तिच्यावरून स्क्रीन रीडरला मराठी उच्चार निवडतां येतात. आणि ज्या फाँटांत सोय केलेली असते त्यांत 'ल' व 'श' हीं अक्षरेंहि तिच्यामुळेंच आपल्या शाळेंतल्या वळणाचीं दिसतात. जुन्या वळणाचीं माझीं चित्रें टाकून दिलीं नाहींत. तीं वंशावळीच्या पानावर शोभेसाठीं लावलीं आणि प्रत्येकाला शब्दांत वर्णन जोडलें.

हें सारें कांहीं मीं नवें शोधून काढलें नाहीं. अपंगांसही वेबवर वावरतां यावें यासाठींचे मार्गदर्शक नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें १९९९ सालींच प्रसिद्ध केले होते, आणि आपल्या देशांत दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. नियम मीं पूर्वीं वाचलेहि होते. परंतु नियमांतील अंध मनुष्य कोणीतरी दुसरा असतो, असें आपण धरून चालतों. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी आप्पांजवळ बसलें. त्यांनीं 'डी' दाबली. यंत्रानें मुख्य वाटांचें नांव घेतलें आणि यादींत सात नोंदी असल्याचें सांगितलें. मग एकेक नोंद स्पष्ट मराठींत: मुखपृष्ठ, कुलदैवत, वाडा, वंशावळ, आठवणी, छायाचित्रें, इतर माहिती. आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला. सातवी नोंद आली, बटण आलें, त्यांनीं तें दाबलें. पोटांतली यादी उघडली: पत्ते, शुद्धिपत्र, लेकींचीं घरें.

ते थांबले. परत मागें गेले, परत ऐकलें. "इतर माहिती. पत्ते. शुद्धिपत्र. लेकींचीं घरें." मग विचारलें, "लेकी शुद्धिपत्राच्या खालीं कोणीं घातल्या?"

मी जरा भीतभीतच म्हणालें, "आप्पा, तुमच्या पुस्तकांत त्या तशाच आहेत. शेवटच्या परिशिष्टांत. मीं पुस्तकाचा क्रम मोडला नाहीं."

बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, "खरें आहे. मीच केलें तसें. पानें उलटतांना कधीं डोळ्यांना खटकलें नाहीं. आज कानानें ऐकलें तेव्हां कळलें." पुन्हां एकदां त्यांनीं ती यादी ऐकली. "इंदूरची माझी बहीण अजून दर राखीपौर्णिमेला फोन करते. ती 'इतर माहिती' कशी? हलव त्यांना. वंशावळींत, भावांच्या शेजारीं."

यासाठीं ना वॉकर लागला, ना संहितेंत एक अक्षर. मेन्यूच्या पटावर ती नोंद माउसनें उचलून वंशावळीच्या पोटांत ठेवली आणि जतन केलें. तीस वर्षांच्या पुस्तकाचा क्रम अर्ध्या मिनिटांत बदलला. खरें काम पुढेंच होतें. वंशावळींतील प्रत्येक शाखेंत लेकींचीं नांवें, त्यांचीं घरें, त्यांचीं मुलें भरावयाचीं. तें आम्ही दोघांनीं दसऱ्यापर्यंत केलें. आप्पा तोंडानें सांगत, मी टंकीत असें. कित्येक लेकींचीं माहेरचीं नांवें त्यांना पाठ होतीं. पुस्तकांत मात्र नव्हतीं. काम पुरें झालें तेव्हां त्यांनीं इंदूरच्या आत्याबाईंना फोन लावला आणि सांगितलें, "अगं, तूं आतां माझ्या शेजारीं आहेस." पलीकडून काय उत्तर आलें तें मला ऐकूं आलें नाहीं; पण आप्पांनीं उपरण्यानें डोळे पुसले.

मेन्यू आतां पूर्वीइतका देखणा नाहीं. परदेशींच्या एका दिरांनीं लिहिलें कीं, पाडव्याचा अधिक बरा होता. असेल. थीमा बदलतील. २०२२ च्या आरंभीं आलेल्या आवृत्तीपासून तर मेन्यू मांडण्याची पद्धतहि पालटली आहे. नव्या थीमांत वॉकर लिहिण्याऐवजीं ठोकळा उचलून ठेवावयाचा असतो. पण त्या ठोकळ्याच्याहि आंत पाहिलें तर तीच जुनी यादी आणि त्याच नोंदी. वेष वाटेल तितके बदलावेत. आंतली यादी खरी असावी, एवढें मी शिकलें. ज्या वाचकांच्या घरचें किंवा मंडळाचें असें संकेतस्थळ असेल त्यांस माझी विनंति आहे. एकदां माउस बाजूला ठेवावा, डोळे मिटावेत आणि केवळ टॅबच्या कळीनें आपल्याच मेन्यूंतून चालून पाहावें. कोठें अडखळतां तें तेव्हांच कळेल.

आप्पांच्या दुरुस्त्या पुन्हां सुरू झाल्या आहेत. परवां जेवतांना म्हणाले, "कुलदैवताच्या पानावर दोन ओळी दोनदां आल्या आहेत. आणि आमटींत मीठ कमी आहे." मीं दोन्ही दुरुस्त केलीं.